चोविसाव्या दिवसाचा चहा

बजरंगकाकांची पांढरी गाडी वाशीच्या रस्त्यावरून शेताच्या वाटेला लागली, तवा निकिता भट्टीवर खवा हलवत उभी होती अन तिचा चोविसावा दिवस चालू होता. कढईतलं दूध आटून निम्म्यावर आलं होतं. हात थांबला की बुडाला लागतं, म्हणून तिनं नुसती मान वळवली. अकरा वर्षांनी माणूस सख्ख्या भावाच्या दारात येतो, तर गाडी जरा बिचकत, थांबत थांबत यायला पाहिजे असं तिला उगंच वाटलं. ही तर धूळ उडवत सरळ आली अन बाभळीखाली उभी राहिली.

घरात सगळे सकाळपासूनच तयार होते. निकिताचे वडील अप्पा, एरवी बनियनवर फिरणारा माणूस, आज इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले होते आणि बाहीवरचा नसलेला डाग नखानं खरडत होते. गावात गोरोबा खवावाले म्हटलं की लोक जरा दबून बोलायचे, पर हा माणूस घाबरला की बाही खरडतो हे निकिताला पक्कं ठाऊक होतं. आबा त्यांच्या बाजंवर काठी उभी धरून बसलेले. ऐंशी पार झालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ही भेट त्यांनीच जुळवून आणली होती. आठ दिवसांखाली दोन्ही पोरांना वेगवेगळा फोन लावायला लावून त्यांनी दोघांना एकच सांगितलं होतं, की माझ्या डोळ्यांना दिसायचं पुरतं बंद व्हायच्या आत मला तुमी दोघं एका जागी बसलेले बघायचेत.

काकांच्या लेकीचं, समृद्धीचं, लग्न जमलं होतं. थोरल्या भावाला पहिली पत्रिका द्यायची, हे निमित्त बरं होतं.

"कढई उतर अन हातपाय धू," आई आतून म्हणाली. "अन आज तुझं ते खूळ बाजूला ठिव. एक दिवस."

निकितानं कढई उतरवली. तिला तवाच चाहूल लागायला पाहिजे होती.

*

खूळ म्हणजे काय, तर पैज. पैज लागली ती गब्रूवरून.

गब्रू म्हणजे चांदी म्हशीचं मागच्या वेताचं रेडकू. भट्टीच्या घरात वगार झाली तर तिचं कौतुक, कारण ती उद्या दूध देणार. रेडा झाला की त्याचं नशीब पहिल्या दिवशीच ठरलेलं. दूध सगळं कढईत जातं, रेडकाला लांबच्या खुंट्याला बांधतात, अन ते हळूहळू वाळत जातं. निकिता चोरून त्याला पेंड घालायची. तरी एक दिवस टेम्पो आला अन गब्रूला घेऊन गेला. ती अनवाणी फाट्यापर्यंत टेम्पोमागं पळाली होती. परत येऊन भट्टीवरची भरलेली बादली तिनं लाथेनं आडवी केली.

अप्पांनी हात उगारला होता, पर मारलं नाही. म्हणाले, "दूध पिऊन वर मलाच शिकवतीस व्हय? आधी महिनाभर दुधाचा थेंब सोडून दाव, मग बोल."

"सोडलं तर?"

"तर पुढचा रेडा तुझा. कुणी हात लावणार न्हाय त्याला."

"अन मटण, अंडी, मध, सगळंच सोडते. जनावराचं काहीच नको." तिनं चिडून आपल्याच पैजेवर आणखी ओझं घेतलं. आबा साक्षीला होते.

मोबाईलवर बघून तिनंच घरात सांगितलं की त्याला व्हीगन म्हणतात, मोठ्या शहरांतली लोकं महिनाभर करून बघतात. आईला हसू आलं. भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी अन हुलग्याचं माडगं, तुझ्या वयाची होते तवा वर्षातले दहा महिने आमी हेच खात हुतो, फकस्त त्याला नाव न्हवतं, असं ती म्हणाली. आबांना वेगळीच अडचण पडली. जन्मभर उपासाला दूध चालत आलं, अन हा कसला उपास ज्याला दूधच चालत न्हाय, हे त्यांना दोन दिवस उमगलं नाही. गावातली पोरं तिला बघून हंबरायची. तिनं एकाला चप्पल फेकून मारली, ती नेमकी त्याच्या बापाला लागली.

बाकी सोपं होतं, पर ताक अवघड गेलं. एप्रिलचं ऊन, अन फ्रीजमध्ये ताकाचा तांब्या घाम फुटून उभा. त्याहून अवघड कढईच्या बुडाची खरवड. लहानपणापासून ती खरवड तिच्या वाट्याची होती. नवव्या दिवशी तिनं बोटावर घेतली पण होती. मग बोट फडक्याला पुसलं अन फडकं धुऊन टाकलं. शेंगदाणे वाटून गाळून त्याचा चहा करून बघितला, तर तो आमटीसारखा लागला. शेवटी साखर घालून कोरा चहा, दिवसातनं दोनदा.

अन त्या कोऱ्या चहावरूनच आई रोज तोंड फिरवायची.

कारण ह्या घराण्यात कोरा चहा मयताचा. राख सावडून आलं की सगळी भावकी ओळीनं बसते अन बिनदुधाचा चहा पिते. त्याशिवाय घरात चूल पेटत नाही. अकरा वर्षांखाली कस्तुराबाई, म्हणजे निकिताची आजी, भर मे महिन्यात गेली, तवा निकिता सहा वर्षांची होती. काका जळकोटला राहायचे, एसटीत कंडक्टर. त्यांना कुणी वेळेत कळवलंच नाही. ते आले तवा चिता विझत आली होती. तिसऱ्या दिवशी ओळीत त्यांच्या हातात चहा दिला, तर ते उठले, कप उंबऱ्यावर ठेवला अन गेले. आईचं तोंड बघू दिलं न्हाय, आता चहा पाजता व्हय, एवढंच म्हणाले. अप्पा तवापासून एकच सांगत आले, की फोन लावला पर लागला न्हाय.

निकिताला तो कप अजून आठवायचा. संध्याकाळपर्यंत तो तिथंच होता. कुणी उचलायलाच तयार नव्हतं.

*

पाणी झालं, पाया पडणं झालं. दीपालीकाकूंनी आबांच्या पायावर डोकं ठेवलं तवा आबांनी त्यांचा चेहरा हातानं चाचपून बघितला. काका ओट्याच्या एका टोकाला बसले, अप्पा दुसऱ्या. मधल्या जागेत आणखी चार माणसं सहज मावली असती. बोलणं निघायचं ते उन्हाचं, रस्त्याचं, ऊस कुठल्या कारखान्याला जातो ह्याचं. काका अप्पांना "दादा, तुमी" म्हणत होते, पर बघत होते चांदी म्हशीकडं. चांदीची कास भरली होती. आज-उद्या व्यायची.

काकूंनी पत्रिका काढली. कुंकू लावून ती अप्पांच्या हातात दिली. मग आई म्हणाली, की आता चहा.

ह्यो चहा साधा नव्हता. भांडण मिटवायला बसलं की एकाच पातेल्यातला दुधाचा चहा घरातल्या सगळ्या जाणत्या माणसांनी घ्यायचा, अन वाटायचा तो घरातल्या थोरल्या माणसानं, आपल्या हातानं. एकानं जरी कप खाली ठेवला तर मिटलं न्हाय असं धरायचं. निकिता सतराची, म्हणजे ती पण जाणत्यात आली. हे तिला आईनं आत ओढून नेऊन सांगितलं, दात आवळून.

"एक घोट," आई म्हणाली. "चोवीस दिवस केलंस, लई झालं. तुझे अप्पा पण काय म्हणणार न्हाईत."

"म्हणतील. अन नाही म्हणाले तरी मला कळेल की मी मोडलं." निकिताचा आवाज चढला तसा आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

आईच्या डोळ्यांत मग दुसरंच काहीतरी आलं. अकरावीला चार महिने जाऊन निकितानं कॉलेज सोडलं होतं. सरांनी भर वर्गात खव्यावाली म्हणून हाक मारली अन तिनं वही टेबलावर आपटून दार गाठलं, ती परत गेलीच नाही. शिवणाचा क्लास अर्धा, कॉम्प्युटरचा क्लास अर्धा. तवापासून घरात एकच पालुपद, हिचं कुठलंच काम तडीस जात न्हाय. आई ते आत्ता बोलली नाही, पर तिच्या तोंडावर आलेलं निकितानं वाचलं. तिथंच तिचं डोकं फिरलं.

आई बशा पुसायला वळली तसं तिनं मागच्या शेगडीवर आपला कोरा चहा उकळला अन स्टीलच्या पेल्यात ओतला. पेला उभा, खोल. वरून कुणाला रंग दिसणार नाही. पाच कप दुधाचे, एक पेला आपला, एकाच ताटात. सगळ्यांबरोबर प्यायचं, कप खाली ठेवायचा नाही, कुणाला कळणार नाही. तिला आपली अक्कल भारी वाटली.

एवढंच तिच्या ध्यानात आलं नाही, की ताट आबांपुढं जाणार.

आबांनी ताटावरनं हात फिरवला. पाच कपांच्या दांड्या लागल्या. मग बोटांना तो एकटा स्टीलचा पेला लागला, अन म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. आबांच्या हिशेबानं कप सगळ्यांना, अन पेला आलेल्या माणसाला.

निकितानं पुढं होऊन हात घातला, पर उशीर झाला होता.

"बजरंगा," आबा म्हणाले, "हे घे."

काकांनी दोन्ही हातांनी पेला घेतला. तोंडाला लावायच्या आधी आत बघितलं. बघतच राहिले.

काकूंनी शेजारून वाकून बघितलं अन त्या ताडकन उठल्या. पदर खांद्यावर ओढला. बोलल्या त्या आईकडं बघून, पर ओट्यावर सगळ्यांना ऐकू गेलं. "ताई, पत्रिका घेऊन आलोय आमी. लेकीच्या लग्नाची. त्या दिवशीचा राहिलेला चहा आज पाजायचा हुता, तर तसं फोनवर सांगायचं. आलो नसतो."

आईचा चेहरा पांढरा पडला. आबांना काहीच कळेना, ते नुसते काय झालं, काय झालं म्हणत मान फिरवत होते. अप्पांनी पेल्यात डोकावलं अन मग निकिताकडं बघितलं. चिडलेल्या अप्पांची तिला सवय होती. हे तोंड वेगळं होतं. घर जळून जाताना बघावं तसं.

"माझाय तो," निकिता म्हणाली. "कोरा माझा. मी ताटात ठेवला. आबांना माहीत नव्हतं. आईला पण नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. तिला हळू सांगता येत नाही, धडाधड सांगितलं, गब्रू, टेम्पो, बादली, पैज, चोवीस दिवस. सांगताना तिला कळत होतं की ऐकायला हे किती येड्यासारखं वाटतंय. अकरा वर्षांचं भांडण एका बाजूला अन एक रेडकू एका बाजूला. काकू उभ्याच होत्या. खोटं बोलायलीय का खरं, ते त्या तिच्या चेहऱ्यावर शोधत होत्या.

"खरं असंल," काकू शेवटी म्हणाल्या, "तर घे ह्यातला कप. पी आमच्यासंगं. बघू दे मला."

ताटातले पाचही कप तसेच होते. दुधाचे, वर साय धरायला लागलेली.

निकितानं अप्पांकडं बघितलं. पैज त्यांची होती, सोडायची तर त्यांनीच. अप्पा बाही खरडत होते. पी म्हणाले असते तर तिनं भांडून नाही म्हटलं असतं. नको म्हणाले असते तर प्यायली असती. ते काहीच म्हणाले नाहीत. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, सख्खा भाऊ हातातनं जायला लागलाय अन तोंडातनं शब्द फुटेना.

तिनं कप उचलला. पलीकडं चांदीनं अंग झाडलं, साखळी वाजली. तिकडं बघायचं नाही असं ठरवूनच तिनं तो उचलला. वाफ नाकात गेली. चोवीस दिवसांनी दुधाचा वास इतका दाट लागतो हे तिला माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, डोळे तिनं मिटून घेतले अन कप ओठाला नेला.

कपावर एक तळहात येऊन बसला. खरबरीत, अंगठ्याला तिकिटाच्या मशीनचा घट्टा पडलेला.

"ठिव खाली," काका म्हणाले.

त्यांनी कप तिच्या हातातनं काढून काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो घेतला, का घेतला ते त्यांनाही कळलं नसावं. मग काका परत आपल्या जागेवर बसले, पेला उचलला.

"आई एक सड रेडकाला सोडायची," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळेना. "रेडा असू दे न्हायतर वगार. चार सडातला एक त्याचा, त्याला हात लावायचा न्हाय. आमी पोरं चोरून त्या सडाला तोंड लावायचो, तर ती चाबूक घेऊन मागं लागायची. दादा, तुमाला आठवतंय का?"

अप्पांनी मान हलवली.

"भट्टी आली अन ते गेलं वाटतं."

काकांनी पेल्यात परत एकदा बघितलं. "ह्यो माझाच हुता," ते म्हणाले. "आईचा. ठिवून गेलतो म्या." अन सगळा चहा उभ्या दमात प्याले. गरम होता, डोळे लाल झाले, ते चहानं का कशानं ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

पेला रिकामा झाला. मग अप्पांचा आवाज आला, इतका बारीक की निकिताला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

"म्या फोन लावलाच न्हवता."

काकांनी वर बघितलं.

"लागला न्हाय म्हणून सांगितलं सगळ्यांना. लावलाच न्हवता. आईनं मान टाकली अन माझं डोकंच बंद पडलं बघ, बजरंगा. कोण कुठं, काय करायचं, काय उमजंना. लोक उठ म्हणाले उठलो, चल म्हणाले चाललो. चिता पेटल्यावर तुझी आठवण झाली." अप्पांनी बाहीनंच तोंड पुसलं, तोच इस्त्रीचा सदरा. "हे कुणाला सांगायचं? थोरला म्हणवून घेतो अन भावाला कळवायचं इसरला?"

काकांनी रिकामा पेला हातात फिरवला. मग म्हणाले, "एवढंच सांगितलं असतं तर." उठले अन ओट्याच्या त्या रिकाम्या जागेतनं सरकत अप्पांच्या शेजारी जाऊन बसले. चार माणसांची जागा संपली.

आबांनी काठी आपटली. "बसले का? शेजारी बसले का?"

"बसलेत, मामा," काकू म्हणाल्या. अन हातातला कप प्याल्या. निकिताचाच होता तो. मग डोळे टिपत, अन जरा घुश्शातच, आईला म्हणाल्या की लग्नात हिच्यासाठी बिनतुपाचं, बिनदुधाचं वेगळं शिजवायला लागणार का, ते आत्ताच सांगा, आचारी ठरवायचाय.

आई हसली. सकाळपासून पहिल्यांदा. "सहा दिवसांनी सुटतंय," ती म्हणाली. "लग्नाला श्रीखंडाचं पातेलं एकटी संपवंल."

*

गाडी गेली तवा ऊन उतरलं होतं. निकितानं कप धुतले. पेला शेवटी धुतला, मग फडक्यानं पुसून फळीवर उपडा ठेवला, बाकीच्या भांड्यांपासून जरा बाजूला.

बाहेर आली तर अप्पा गोठ्यात उकिडवे बसलेले. सदरा खुंटीला टांगला होता, परत बनियनवर. कोमट पाण्यानं चांदीची कास पुसत होते. तिला बघून हात थांबला नाही.

"ह्यो मागचा उजवा," ते म्हणाले. "ह्यात दूध जास्त उतरतं तिच्या. ह्यो त्याचा."

"रेडा झाला तर?"

"काय का हुईना. आई सोडायची तसा सोडायचा."

निकिता दावणीला टेकून उभी राहिली. रेडकाचं दूध पैजेशिवायच मिळालं होतं. आता फ्रीजमधल्या ताकाचा तांब्या तिच्या डोळ्यांपुढं आला, पार घाम फुटलेला.

"मग माझे राहिलेले सहा दिवस?" तिनं विचारलं.

अप्पांनी फडकं पिळलं, चांदीच्या पाठीवर थाप मारली अन उठताना गुडघ्यावर हात ठेवला.

"राहिलेत तर पुरं कर," ते म्हणाले. "भाकर टाकायला सांग तुझ्या आईला. अन जरा चटणी जास्त वाट म्हणावं, म्या पण तुझ्याच ताटातलं खाणारंय आज."